लोकप्रियता आणि लोकप्रतिनिधित्व

निवडणूक आली की राजकीय पक्षांना नटनट्यांची आठवण होते. पडद्यावर चाललेला चेहरा मतदानातही चालेल, असा त्यांचा हिशेब असतो. तो कधी जुळतो, कधी फसतो. उत्तर मुंबईत २००४ साली गोविंदा यांनी राम नाईक यांच्यासारख्या मुरब्बी संसदपटूचा पराभव केला. तेथेच २०१९ साली ऊर्मिला मातोंडकर पराभूत झाल्या. आमच्या वऱ्हाडात, अमरावतीकरांनी पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री नवनीत राणा यांना २०१९ साली निवडून दिले आणि २०२४ साली नाकारले.

कलावंतांनी राजकारणात येऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. सुनील दत्त १९८४ पासून पाच वेळा लोकसभेवर निवडून आले. पंजाब होरपळत असता १९८७ साली ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. उलट गोविंदा २००९ साली मतदारांपुढे पुन्हा उभेच राहिले नाहीत. तेव्हा प्रश्न उमेदवाराच्या पेशाचा नसून त्याच्या निष्ठेचा आहे.

मलकापूर-नांदुरा मार्गावरील वडनेर भोलजीच्या शेतकऱ्याला कपाशीच्या भावाविषयी आणि पूर्णाखोऱ्यातील खाऱ्या पाण्याविषयी सभागृहात अभ्यासपूर्वक बोलणारा प्रतिनिधी हवा आहे. वर्षानुवर्षे राबणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून प्रसिद्ध चेहरा पुढे करणारा पक्ष स्वतःच्याच कार्यावरील अविश्वास प्रकट करीत असतो. नाटक न रुचल्यास प्रेक्षकाला उठून जाता येते. मतदाराला मात्र पाच वर्षे बसून राहावे लागते. म्हणूनच, उमेदवार कितीही नामांकित असो, त्याने आजवर कोणते सार्वजनिक कार्य केले, हे मतदारांनी आधी विचारावे.