काळजीचा हिशेब कागदावर मांडा

पाय मोडून माणूस रुग्णालयात पडला की सारी वस्ती फळे घेऊन भेटायला जाते. तोच माणूस नैराश्याच्या आजाराने दाखल झाला, तर घरची मंडळी ‘गावाला गेलाय’ म्हणून सांगतात. मग भेटायला कोणी फिरकत नाही. आजाराचे दुःख एकीकडे आणि आपल्याला सर्वांनी टाकले ही धास्ती दुसरीकडे, अशा दुहेरी ओझ्याखाली रुग्ण दबून जातो.

नैराश्याच्या जोडीला चिंता बहुधा असतेच. छातीत धडधड, अपुरी झोप, पहाटे लवकर जाग आणि तोच तो विचार. अशा रुग्णाला ‘काळजी करू नकोस, मन खंबीर कर’ असे सांगणे म्हणजे ताप आलेल्याला ‘अंग गार कर’ म्हणण्यासारखे आहे. त्याने तो स्वतःलाच अधिक दोष देऊ लागतो.

मग करावे काय? आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचा भरवसा कागदावर! रुग्णाजवळ बसून त्याच्या साऱ्या काळज्या लिहून काढा. ज्यांवर काही करता येईल त्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. रजेचा अर्ज कोण देणार, रेशन कोण आणणार, पोरांना शाळेत कोण सोडणार? प्रत्येक कामापुढे एकेकाचे नाव घाला. आम्हाला एका वॉर्डात भेटलेल्या भगिनीला घोर होता तो भिशीच्या हप्त्याचा. शेजारणींनी तो भरला आणि तसे येऊन सांगितले. आजार काही त्या दिवशी गेला नाही, पण त्या रात्री बाई चार तास झोपली.

दुसऱ्या बाजूच्या काळज्यांना वेळ ठरवून द्या. समजा, दुपारी चार ते साडेचार. इतर वेळी विचार आला की ‘चारला बघू’ म्हणायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय १९८३ साली विद्यार्थ्यांवर करून पाहिला होता. ही वेळ झोपेच्या तोंडावर मात्र ठेवू नये.

औषधांची धास्तीही मोठी असते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून खचू नये आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

‘मला इथेच डांबून ठेवतील, शॉक देतील’ ही भीती तर घरोघरी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचून दाखवा. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास त्यात मनाई आहे. स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान रुग्णाला घरी जाण्याची मागणी करता येते. आजाराची माहिती गुप्त ठेवून घेण्याचा त्याला हक्क आहे. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी तो साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमू शकतो. आपल्या शब्दाला किंमत आहे हे कळले की निम्मी भीती ओसरते.

रुग्ण ‘जगून काय उपयोग’ म्हणाला तर रागावू नका, विषय बदलू नका. ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि लगेच सिस्टरला वा डॉक्टरांना सांगा. घरी असताना असे घडले तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत असून रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते.

रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपण्याचे. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी बरोबर कोण जाणार, तेही लिहा.