भांड्याचा साबण : बिननावाचा माल नको

कल्याण तालुक्यात बचत गटांच्या बैठकीला बसले की पापड, लोणची, मसाले यांच्या जोडीला आता आणखी एक नाव हमखास निघते. भांडी घासण्याचे लिक्विड. भांडवल थोडे, जागा ओसरीएवढी, चूल पेटवायची नाही आणि गिऱ्हाईक घरोघर. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घरात यातून चार पैसे येत असतील तर ते हवेच आहेत, त्याला कोणाचाच विरोध नसावा. प्रश्न आहे तो बादलीत काय ओतले जाते याचा. ही वस्तू जेवणाच्या ताटाला लागते, लहान मुलाच्या दुधाच्या वाटीला लागते आणि करणारीच्या हाताला तर रोज लागते.

आपल्या भागात हा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त टोकदार आहे. साठच्या दशकात डोंबिवलीला औद्योगिक वसाहत आली. रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल असे कारखाने सोनारपाडा, सागाव, आजदे, गोळवली या गावांच्या उंबऱ्याशी उभे राहिले. मे २०१६ आणि मे २०२४ या दोन्ही वेळी तिथल्या स्फोटांत दहाहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला सगळ्या राज्याने पाहिला. रसायनाची भीती आपल्याला शिकवावी लागत नाही. तरीही तेच रसायन सुट्या स्वरूपात, कॅनमध्ये, चिठ्ठी न लावता स्वस्तात मिळाले की आपण ते उचलतो. 'सगळेच वापरतात हो,' एवढे उत्तर पुरते. बाजारात लिक्विडचे तयार 'कीट' मिळते, त्यात एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा पुड्या असतात. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बियाण्याची पिशवी आपण लॉट नंबर आणि मुदत पाहिल्याशिवाय घेत नाही, मग ही पुडी कशी घेतो?

सर्वांत जास्त वापर होतो तो ॲसिड स्लरीचा. काकवीसारखी दाट, तपकिरी, उग्र वासाची. नावातच ॲसिड आहे आणि ते तीव्र आहे. कातडीवर पडली तर भाजते, डोळ्यात गेली तर दृष्टीवर बेतू शकते. कॉस्टिक सोड्याने ती मारली की तिचा साबण होतो. ९६ टक्क्यांच्या एक किलो स्लरीला साधारण १२० ते १३० ग्रॅम कॉस्टिक लागते, पण सुटी स्लरी किती टक्क्यांची हे कोणाला ठाऊक? अंदाजाने कॉस्टिक घातले की माल एकतर आंबट राहतो किंवा खारट होतो, आणि दोन्हींनी हाताची साल निघते. कित्येक ताई बोटांच्या भेगा दाखवून 'पाण्यात काम करून झालंय' म्हणतात. पुष्कळदा ते पाण्याने झालेले नसते.

शेतकऱ्याला सामू हा शब्द नवा नाही. मृद आरोग्य पत्रिकेवर तो पहिल्या काही ओळींत असतो. साबणाचाही सामू मोजावा लागतो आणि त्यासाठी लागणारी कागदी पट्टी फार महाग नसते. स्लरीचा माल ७ ते ८ च्या दरम्यान आला पाहिजे. पट्टी नसेल तर स्लरीला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे टाकायचे. कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही, ते उकळून अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरायचे नाही, कारण कॉस्टिक त्याला खाते आणि पेट घेणारा वायू निघतो. फवारणीला सांगतो तसेच हातमोजे आणि चष्मा इथेही हवेत. अंगावर उडालेच तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. वरून लिंबू, व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेले तर धुऊन थेट दवाखाना गाठा. पोटात गेले तर उलटी काढायला लावू नका, वर येताना ते पुन्हा भाजते.

स्लरीतही 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' असे दोन प्रकार बाजारात बोलले जातात. हार्ड थोडी स्वस्त पडते. तिच्या रेणूला फांद्या असतात, त्यामुळे मातीतले आणि पाण्यातले जिवाणू तिला सहज कुजवू शकत नाहीत. युरोप-अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले ते अशाच मालामुळे, आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून तिकडे सरळ साखळीचा माल आला. स्लरी घ्यायचीच असेल तर सॉफ्ट घ्या आणि बिलावर तसे लिहून घ्या.

नवशिक्या गटाने मात्र स्लरीच्या वाटेला जाऊच नये. एसएलईएस नावाची पांढुरकी पेस्ट मिळते. ती आधीच उदासीन केलेली असते, कॉस्टिकची मारामारी नाही. दहा लिटर लिक्विडला ७० टक्क्यांची साधारण दीड किलो पेस्ट, तीनशे ग्रॅमच्या आसपास खोबरेल तेलापासून निघणारे सीएपीबी, जे हाताला सौम्य पडते, आणि दाटपणासाठी शंभर ते दोनशे ग्रॅम मीठ. पेस्ट पाण्यात हळूहळू ढवळून रात्रभर मुरू द्यावी. मीठही बेताने घाला, एका मर्यादेपलीकडे घातले की दाट झालेले लिक्विड परत पातळ होते. दाटपणा म्हणजे ताकद नव्हे आणि फेस म्हणजे सफाई नव्हे, हे गिऱ्हाइकालाही एकदा सांगून टाका. एसएलईएस तयार होताना त्यात डायऑक्सेन नावाच्या घातक पदार्थाचा अंश राहू शकतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने घरगुती साफसफाईच्या मालात त्याची मर्यादा २०२३ अखेर दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली. म्हणून पेस्ट सीलबंद, कंपनीच्या नावाची आणि तपासणीपत्रासह घ्या. दुकानदार सीएपीबीच्या जागी सीडीईए पुढे करील, ते स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोगाचा संभव असलेल्या पदार्थांत धरले आहे. सीएपीबी मिळत असताना ते घ्यायचे कारण नाही.

आता आमच्या खात्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. लिक्विड स्वच्छ दिसावे, गढूळ होऊ नये म्हणून काही कृतींत युरिया सांगितलेला असतो, आणि घरात गोणी असते. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार अनुदान भरते म्हणून, भातासाठी. ती साबणात घालणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग आहे. शिवाय २०१५ पासून देशातला युरिया कडुनिंबाचे तेल लावून येतो, म्हणजे माल स्वच्छ होण्याऐवजी वासच मारील. भांड्याच्या साबणाला युरिया लागत नाही.

टिकाऊपणासाठी फॉर्मलिन घालण्याची चाल जुनी आहे. रोपवाटिकेची माती आणि अळंबीचे काड निर्जंतुक करायला आपण ज्याचे नाव घेतो तेच हे फॉर्मलिन. त्यातला फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करतो, असा निर्वाळा त्याच संस्थेने २००४ मध्ये दिला. ताटाला लागणाऱ्या साबणात त्याला जागा नाही. सोडियम बेंझोएट हा लोणच्या-सरबतांतला ओळखीचा पदार्थ वापरता येतो, पण तो सामू ५ च्या आसपास असेल तरच काम करतो. स्लरीच्या ७-८ सामूच्या मालात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, हे कोणी सांगत नाही. वर सांगितलेल्या एसएलईएसच्या मालात थोडे सायट्रिक ॲसिड घालून पट्टीवर ५ आणा, मग दहा लिटरला पन्नास ग्रॅम बेंझोएट पुरे. पाणी उकळून गार केलेले घ्या आणि महिन्यात विकेल तेवढाच घाणा काढा.

रंगाबद्दल फार लिहायला नको. डोंबिवलीत कापडाचा रंग सहज मिळतो म्हणून तो साबणात घालायचा नसतो. खाण्याचा रंग चिमूटभर घाला, नाहीतर बिनरंगी विका.

'जंतू मरतात' म्हणून टीसीएल पावडर मिसळण्याची कल्पनाही कोणाला सुचू शकते, कारण ती ग्रामपंचायतीत असते. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. युरिया आणि टीसीएल एकत्र आल्यानेही विषारी वायू निघतात. ती पावडर विहिरीपुरतीच राहू द्या.

मालाइतकेच भांडेही महत्त्वाचे. भंगारातले निळे ड्रम आपल्याकडे पाण्यालाही वापरतात. त्यात आधी काय होते हे चिठ्ठी फाडलेली असल्यामुळे कळत नाही, आणि प्लास्टिक ते रसायन शोषून ठेवते. असा ड्रम धुऊन शुद्ध होत नाही. कीटकनाशकाच्या कॅनमध्ये लिक्विड भरणे तर अक्षम्य आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे ते कॅन फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. थंड पेयाच्या बाटलीतही नको. हिरवे-पिवळे लिक्विड त्या बाटलीत दिसले तर चार वर्षांचे पोर तोंडाला लावणारच.

रिठ्याचे काय, असे विचारले जाते. रिठा कोकणातलाच, भांडी बऱ्यापैकी निघतात, पण काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, डोळ्याला झोंबतो आणि तळ्यात गेला तर मासे मारतो. घरापुरता करा, बाटलीत भरून विकायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी हे पाणी जाते कुठे? आपल्या गावांत मोरीचे पाणी अळूच्या वाफ्यात नाहीतर केळीच्या बुंध्याशी जाते. बोरॅक्स जास्त झाला तर झाड करपते, सोडियम साठला तर माती घट्ट होते. फॉस्फेट ओढ्याने उल्हास नदीत गेले की जलपर्णीला आयते खत मिळते. मोहने-कांब्याकडच्या लोकांना जलपर्णी काय ते सांगायला नको. भांड्याच्या लिक्विडला बोरॅक्सही लागत नाही आणि फॉस्फेटही लागत नाही.

ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, आणि सरपंच यांनी गटाला स्टॉल देताना दोन गोष्टी पाहाव्यात. कच्च्या मालाची पक्की बिले आहेत का, आणि बाटलीवर करणाऱ्याचे नाव-पत्ता, वजन-माप, तयार केल्याचा महिना व किंमत आहे का. पाकीटबंद मालाला २०११ च्या वजनमाप नियमांनी हे बंधनकारकच आहे. तेच लिक्विड 'हँडवॉश' म्हणून मात्र विकू देऊ नये. हात धुण्याचा माल सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि त्याला परवाना लागतो. गटांनीही प्रत्येक घाण्यातली एक बाटली तारीख आणि पट्टीवरचा सामू लिहून फळीवर ठेवावी. कोणाच्या हाताला पुरळ आले तर नेमक्या कोणत्या घाण्याने आणि कोणाकडून आणलेल्या मालाने, हे त्या बाटलीवरून आणि बिलावरून त्याच दिवशी शोधता येईल.