शिक्षा वाढवून रस्ते मोकळे होत नाहीत



रस्ता अडला की शहरातला शहाणा एकच औषध सांगतो : शिक्षा वाढवा. साखळीचोर असो की रास्ता रोको करणारा कापूसवाला, दोघांना एकाच काठीने हाका. सरकारलाही हे औषध आवडते. कायदा कडक करायला पैसा लागत नाही, भाव द्यायला लागतो.

शिक्षा वाढवून पाहिली नाही असे नाही. रहदारीला अडथळा केल्याचा दंड जुन्या दंडविधानात २०० रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ५,००० रुपयांपर्यंत गेला. म्हणून काय ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरचा वर्धा रस्ता अडायचा राहिला? उच्च न्यायालयाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. पण आंदोलन थांबले ते मुंबईच्या बैठकीत कर्जमाफीच्या निर्णयाला ३० जून २०२६ ही तारीख मिळाल्यावर.

चोराचे गणित निराळे. तो कलम वाचून घराबाहेर पडत नाही. 'पकडला जाईन का?' एवढेच तो पाहतो. इटलीच्या बेकारियाने १७६४ सालीच लिहिले की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. इंग्लंडात खिसा कापणाऱ्याला फाशी होती. खिसेकापू संपले नाहीत, १८०८ साली फाशीच काढावी लागली. चोरी थांबवायची तर चौकीवर माणसे द्या, तपास लावा, खटले लवकर संपवा.

आंदोलकाला तर पकडले जाण्याची खात्रीच असते. ती धरूनच तो घरून भाकरी बांधून निघतो. जेलभरो म्हणणाऱ्याला जेलची भीती काय घालता?

आमच्या कापसाचाच इतिहास पाहा. एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःचा कापूस फेडरेशन सोडून दुसऱ्याला विकणे गुन्हा होता. नाक्यांवर गाड्या अडवल्या. तरी पलीकडे भाव चढला की कापूस पलीकडे गेला. १० डिसेंबर १९८६ रोजी कापूस आंदोलनात सुरेगावला गोळीबार झाला, ३ शेतकरी गेले. गोळीपेक्षा मोठी शिक्षा कोणती? त्यानंतरही कापूसवाला रस्त्यावर आलाच. कारण ज्यासाठी आला, ते तसेच होते.

आजही तेच. २०२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला आणि बोंडे फुटण्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, आयातीवरचा ११ टक्के कर उठवला. एका हाताने द्यायचे, दुसऱ्याने काढायचे आणि बोंब मारली की कलम लावायचे!

मात्र आपल्या माणसांनाही बजावतो. रुग्णवाहिका अडवणारा, एसटीवर दगड टाकणारा आमचा नव्हे. एसटी आपल्याच पोरांना शाळेत नेते. मोडतोडीला १९८४ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहेच. ती जरूर लावा. पण शांतपणे रस्त्यावर बसलेला आणि दगड मारणारा यांना एका दावणीला बांधू नका. दोघांना सारखीच शिक्षा असेल, तर शांत बसण्याचे कारण तुम्हीच काढून घेता.

आमची खरी शिक्षा निकालात नसते, तारखांत असते. ऐन वेचणीत कोर्टाची वारी आणि नोकरीच्या वेळी पोराच्या चारित्र्य पडताळणीत जुना खटला.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने शांततेच्या आंदोलनातील प्रलंबित खटल्यांची यादी आणावी. पहिला ठराव ते मागे घेण्याचा, दुसरा भावाचा. भावाचा प्रश्न सोडवा, रस्ता आम्ही स्वतः झाडून देऊ.