नाताळच्या सकाळी आई कुठे असते?

नाताळ जवळ आला की आमच्या घरी एक वाद दरवर्षी निघतो. सकाळच्या उपासनेला सगळ्यांनी जायचे, की कुणी तरी घरी थांबायचे? वाद म्हणायचा एवढेच. निकाल ठरलेला असतो. आई थांबते.

आम्ही नवी पेठेत राहतो. वडील इथल्याच एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. २५ डिसेंबरला कचेऱ्या बंद असतात, दुकान नसते. मालक दुपारी दोनपर्यंत मोकळीक देतात, हेच पुष्कळ. साडेनऊची उपासना साडेबाराला सुटते. मग आवारात सलाम, विचारपूस. घरी यायला एक वाजतो. तोवर आईने मटणाचा रस्सा केलेला असतो, शेजाऱ्यांकडे द्यायची फराळाची ताटे भरलेली असतात. वडील घाईने जेवून दुकानाकडे वळतात. चौघांनी एकत्र बसणे अर्धा तासही होत नाही. आणि मंदिरात तरी एकत्र कुठे? तिथे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला.

२०२२ साली नाताळ रविवारी आला. आजी म्हणाली, आज चुकवणे म्हणजे दुहेरी पाप. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, "मग आज मी जाते, तुम्ही रस्सा बघा." आजी गप्प झाली. आई मात्र गेली नाही.

उपासना नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 'देव घरातही आहे' असे म्हणणारे त्या वेळी घरात काय करतात, ते मी पाहिले आहे. ते टीव्ही बघतात. पण नाताळची सकाळची लांबलचक उपासना म्हणजे जणू आज्ञाच, असे जे आपण धरून चालतो, त्याला इतिहासाचा आधार नाही. आमच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले. त्यांची मूळ संस्था बोस्टनची. त्याच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! शास्त्रात तारीख नाही, म्हणून सणही नाही, असे त्या कडव्या मंडळींचे मत. त्यांच्याच परंपरेतून आलेल्यांच्या मंडळ्यांत आज तीन तासांची उपासना चालते. म्हणजे रीत बदलता येते.

मार्था आणि मरीया यांच्यावर प्रवचने पुष्कळ ऐकली. मरीयेने चांगला वाटा निवडला, हे खरेच. पण त्या दिवशी जेवण शेवटी कुणी वाढले, हे कुणी सांगत नाही.

ही गोष्ट काही आमच्याच समाजाची नव्हे. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला शेजारचे सगळे घर निघते, याचा मला हेवा वाटे. मैत्रिणीला विचारले, बाजरीच्या भाकरी कोण करते? ती हसली. तिची आई सोहळा टीव्हीवर पाहते.

पाहुण्यांची भाषणे आणि आभारप्रदर्शन संध्याकाळी ठेवले, तर सकाळची उपासना दीड तासात होईल, असे मी आमच्या पाळकसाहेबांना सुचवले आहे. ते विचार करतो म्हणाले. नाताळाआधी रात्री गाणी गात मंडळी दारोदार येतात, तेव्हा आई चहाचा ट्रे हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि सगळी कडवी पाठ म्हणते. तिची नाताळची उपासना तेवढीच.

या वर्षी रश्शाचे काम मी आणि धाकट्या भावाने घेतले आहे. त्याला अजून कांदा चिरता येत नाही. आजीला हे अद्याप सांगितलेले नाही.