मत एकदांच मागावयाचें काय?

भोईवाड्याचें नांव काढतांच पुष्कळांस येथील न्यायालयाची आठवण होते. कायदा मोडला म्हणजे काय होतें, हें आमच्या वस्तीस कोणी शिकविण्याचें कारण नाहीं. परंतु लोकांनीं मागून घेतलेला निर्णय फिरवावयाचा असल्यास संमति कोणाची घ्यावी, हा प्रश्न आम्ही फारसा विचारीत नाहीं. मादक पदार्थांच्या बाबतींत तो आज विचारण्याजोगा झाला आहे.

अमेरिकेंतील कित्येक राज्यांत मतदारांस थेट मतदानानें कायदा संमत करतां येतो. ओहायो राज्यांत २०२३ च्या नोव्हेंबरांत शेंकडा सुमारें ५७ मतदारांनीं प्रौढांस गांजाची मोकळीक देण्याच्या बाजूनें कौल दिला. महिना उलटला नाहीं तोंच तेथील विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहानें त्यांत फेरफार करणारें विधेयक संमत केलें! आम्ही गांजाचे कैवारी नव्हों. पण मतपेटीचा निकाल आवडला नाहीं म्हणून तो खोडावयास बसणें, ही रीत आम्हांस त्या व्यसनाहून कमी घातक वाटत नाहीं.

आपल्याकडे गांजाविषयीं असें मतदान झालेलें नाहीं. १८९३-९४ सालीं परक्या सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानें हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, असा अभिप्राय दिला. पुढें १९८५ च्या कायद्यानें गांजा बाळगणें गुन्हा ठरलें. नुसतें भांगेचें पान मात्र त्या कायद्यांतील गांजाच्या व्याख्येबाहेर राहिलें. सामान्य मनुष्याच्या हातीं मतपत्रिका आली ती दारूच्या बाबतींत.

महाराष्ट्रांत गांवांतील अथवा शहराच्या प्रभागांतील दारूचें दुकान बंद करण्यासाठीं मतदान मागतां येतें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहूं द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. जिला अक्षरओळख नाहीं, पण नवऱ्याच्या पगाराचा शेवट कोठें होतो हें जिला पक्कें ठाऊक आहे, अशा बाईसही ही मतपत्रिका वाचतां येते. लोकशाहीचें इतकें सोपें पुस्तक दुसरें क्वचितच असेल.

चंद्रपूर जिल्ह्यांतील गोष्ट याहून मोठी. २०१० च्या डिसेंबरांत तेथील हजारों स्त्रिया चिमूरहून पायीं चालत नागपूरास विधिमंडळाच्या दारीं गेल्या. शेंकडों ग्रामपंचायतींनीं दारूबंदीचे ठराव केले. अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यांत बंदी लागू झाली. पुढें सरकार बदललें, एक समिति नेमली गेली, आणि २७ मे २०२१ रोजीं मंत्रिमंडळानें ती बंदी उठविली. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, स्त्रिया व मुलेंही त्या धंद्यांत ओढलीं गेलीं, अशीं कारणें सांगण्यांत आलीं.

हीं कारणें खोटीं होतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. बंदीच्या आडून हातभट्टी कशी पेटते, हें मुंबईस सांगावयास नको. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं या शहरांत दारूबंदी आणिली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा त्यामागून आला. कायद्यानें दुकानें मिटलीं, तहान मिटली नाहीं. तेव्हां बंदी फसूं शकते, आणि लोकांचें मतही बदलूं शकतें.

पण बदललें कीं नाहीं, हें सांगावें कोणीं? निवडून आलेले प्रतिनिधीही लोकांचेच, असें उत्तर मिळेल. तें खरें, मात्र आमदारास मत देतांना मतदार रस्ता, पाणी, पक्ष, जात अशा शंभर गोष्टी पाहतो. बाटलीच्या चित्रावर शिक्का मारतांना किंवा ग्रामसभेंत त्या एकाच ठरावास हात वर करतांना तो एकच गोष्ट पाहतो. एका प्रश्नावर दिलेलें स्पष्ट उत्तर शंभर प्रश्नांच्या मोघम उत्तरानें पुसतां येत नाहीं. ज्या ग्रामसभांनीं ठराव केले, त्यांच्यापुढेंच गुन्ह्यांचे आंकडे ठेवून पुन्हां हात वर करावयास सांगितलें असतें, तर काय बिघडलें असतें? त्या स्त्रियांनींच “बंदी फसली, उठवा” म्हटलें असतें, तर आम्हीही मुकाट्यानें मान्य केलें असतें. दोर ज्यानें बांधला, त्यास विचारूनच तो सोडावा, हा साधा व्यवहार आहे.

वाचक विद्यार्थी बंधुभगिनींनो, थोड्याच वर्षांत अठरावें वर्ष ओलांडून तुम्हीही मतदार व्हाल. बाटली उभी ठेवा कीं आडवी, हें आम्ही तुम्हांस सांगणार नाहीं. परंतु तुमचें मत एकदां विचारून तें मोडतांना पुन्हां विचारलें नाहीं, तर स्वस्थ बसूं नका. चिमूरच्या स्त्रिया मत देण्यापुरत्या घराबाहेर पडल्या नाहींत, तें ऐकविण्यासाठीं नागपुरापर्यंत चालत गेल्या, हें ध्यानांत असूं द्या.