भाड्याचे घर विकताना

पोलाद आणि बियाणे उद्योगांमुळे जालन्यात बाहेरून आलेले कामगार-कर्मचारी भाड्याने राहतात. म्हातारपणाची सोय म्हणून एखादे घर भाड्याने देणारी कुटुंबेही त्यामुळेच. असे घर विकताना ‘आपण तिथे राहतच नव्हतो, मग सवलत कसली?’ असे समजून कुणी पूर्ण कर भरू नये. १९६१च्या आयकर कायद्याचे कलम ५४ घरात मालक राहत होता की भाडेकरू, हे पाहत नाही. २०२५च्या नव्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. घर निवासी हवे आणि २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे हवे. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड असेल तर दुकानाच्या भागाला मात्र ही सवलत नाही.

खरी अडचण मुदतीची आहे. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत न गुंतवलेला नफा बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावा लागतो. तो बचत खात्यात पडून राहिला तर सवलत धोक्यात येते. निवृत्त शिक्षकाला किंवा विधवेला हे नोटीस आल्यावर कळणे अन्यायाचे आहे. आयकर खात्याने प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात ही माहिती मराठीत लावावी.