गॅरेजचे काम फसले तर



पुण्याच्या मंडईत माल घेऊन येणारा शेतकरी तसा सहजासहजी फसत नाही. काटा नीट लागला आहे की नाही हे तो स्वतः वाकून पाहतो. जुडीमागे रुपया कमी झाला तर चार शब्द ऐकवतो. पण हाच माणूस आपली पिकअप गॅरेजात लावतो, तेव्हा किल्ली मिस्त्रीच्या हातात देऊन "बघा काय ते, पण लवकर करा" एवढेच बोलतो. कागद नाही, पावती नाही, काय काम करायचे याचा ठराव नाही. पुढे पंधरा दिवसांत इंजिन पुन्हा बसले की मग डोक्याला हात लावतो. भाजीच्या व्यवहारातली हुशारी गाडीच्या व्यवहारात कशी वापरावी, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

मंडईची ही इमारत १८८६ सालची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी कागदाच्या व्यवहारात कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात कळकळीने मांडले आहे. आज आपली मुले शिकली, घरोघरी मोबाईल आला, तरी कागद मागायचा संकोच गेलेला नाही. ज्यांच्या नावाच्या मंडईत आपण माल विकतो, त्यांची ही शिकवण गॅरेजच्या दारातही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पूर्वी माल बैलगाडीने किंवा एसटीच्या टपावरून यायचा. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तशी भाजीची वाहतूकही टेंपो-पिकअपवर आली. बैल आजारी पडला तर शेजारचा मागता येतो. ऐन तोडणीत गाडीचे इंजिन बसले तर मात्र दिवसाचा माल बांधावरच पडून राहतो. म्हणून हा प्रश्न चैनीचा नाही, पोटाचा आहे.

आता रोगाची लक्षणे पाहू. इंजिनाचे काम करून आणल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी, गाडी थंड असताना, तीन गोष्टी तपासाव्यात. एक, रेडिएटरचे पाणी रोज कमी होते का. दोन, ऑईलची कांडी काढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे असे समजावे. तीन, धूर. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि पाणीही कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा. तापमानाचा काटा वर चढू लागला तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी. "घर दोन मैलांवर आहे, नेऊ हळूहळू" असे करू नये. त्याने नुकसान वाढते, आणि गॅरेजवाल्याला "तुम्हीच गरम गाडी पळवली" म्हणायला जागा मिळते. गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजते.

सासवडकडच्या एका शेतकऱ्याची हकिकत सांगतो. ते मंडईतल्या गाळ्यांवर थेट भाजी घालतात. त्यांच्या पिकअपचे हेड गॅस्केट गेले होते. गॅरेजात ३६ हजार रुपये खर्च झाला. गाडी नऊ दिवस चालली आणि दहाव्या दिवशी रिकामी परतताना दिवे घाटाच्या चढावर पाणी उकळले. गाडी ओढून गॅरेजात आणली. मालक म्हणाला, "आमचे काम पक्के होते. तुम्ही पाण्याविना गाडी चालवली. आता नवीन खर्च पडेल." इकडे वाटाणा तोडणीला आलेला. गरमागरमी झाली, आवाज चढले आणि गोष्ट तिथेच अडली.

अशा वेळी आपल्या शेतीतलीच एक रीत उपयोगी पडते. बियाणे उगवले नाही तर आपण काय करतो? रान मोडत नाही. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज देतो, पंचनामा होईपर्यंत पीक तसेच उभे ठेवतो, पिशवी, लेबल आणि पावती जपतो. रान एकदा नांगरले की पुरावा मातीत गेला. इंजिनाचेही तेच आहे. घाईने दुसऱ्या मिस्त्रीकडून ते उघडून घेतले की पहिल्याने काय केले होते हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून उघडण्याआधी फोटो काढावेत, मीटरचा आकडा टिपावा, आणि मातीचा नमुना घेतो तसा ऑईलचा नमुना कोरड्या, स्वच्छ बाटलीत घेऊन त्यावर तारीख व गाडीचा नंबर लिहावा. शक्य असेल तर इंजिन दोन्ही बाजूंच्या समक्ष उघडावे.

त्या शेतकऱ्याने नेमके हेच केले. त्यांच्या मंडळींनी पहिल्या कामाचे बिल दुधाच्या हिशेबाच्या वहीत घालून ठेवले होते, ते कामाला आले. दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीला पाचशे रुपये देऊन बोलावले आणि हेड सर्वांसमोर काढले. सरळ पट्टी ठेवून पाहिले तर हेडला बाक आलेला होता. इंजिन फार तापले की हेड वाकते, म्हणून नवीन गॅस्केट बसवण्यापूर्वी ते तपासून गरज पडल्यास यंत्रावर सपाट करून घ्यावे लागते. त्याला फेसिंग म्हणतात. बिलात फेसिंगचा खर्च लावलेला होता, पण ज्या वर्कशॉपमध्ये ते केले त्याची पावती मालकाला दाखवता आली नाही. मूळ कुजलेले असताना पानावर फवारणी करावी, तसा तो प्रकार झाला होता. मिस्त्रीने पाहिले ते कागदावर लिहून, सही करून दिले.

मग त्यांनी भांडण थांबवून एक पत्र दिले. मजकूर साधा होता. अमुक तारखेला अमुक काम केले, इतके पैसे दिले; अमुक तारखेला अमुक किलोमीटरवर पाणी उकळले; इंजिन समक्ष उघडल्यावर हेड वाकडे आढळले; काम पुन्हा विनामूल्य करून द्यावे आणि पाच दिवस भाड्याची गाडी करावी लागली त्याचे दहा हजार रुपये द्यावेत; पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पत्रात शिवी नाही, धमकी नाही. एक प्रत पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवली आणि एक घरी ठेवली. भाड्याच्या प्रत्येक फेरीची पावती जोडली.

आठव्या दिवशी मालकाचा निरोप आला. फेसिंग, गॅस्केट आणि मजुरी गॅरेजने सोसली. ऑईल आणि कूलंटचा खर्च शेतकऱ्याने दिला. भाड्याचे निम्मे, पाच हजार, मिळाले. त्या दिवसांतला मनस्ताप कोणी भरून दिला नाही, पण गाडी रस्त्याला लागली.

पत्र देऊनही ऐकले नाही तर पुढची वाट कायद्याने दिली आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ साली. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेल्या कामात कसूर झाली तर ती 'सेवेतील त्रुटी' ठरते आणि गॅरेजचे कामही त्यात येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ वाद तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. गॅरेज पुण्यात असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही अर्ज करता येतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. निकाल काही महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो हे धरून चालावे. म्हणूनच समेट होत असेल तर तो आधी करावा.

इथे एक शंका नेहमी येते. गाडी धंद्याची, मग आपण ग्राहक कसे? तर स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरलेले साधन कायद्याने 'व्यापारी' धरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे स्पष्ट केले. स्वतः चालवण्यासाठी ट्रक किंवा रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच, आणि मदतीला एक-दोन माणसे असली तरी त्याचा हक्क जात नाही, असे ते म्हणणे आहे. पुढे २०१२ साली बियाण्यांच्या खटल्यात शेतकरीही ग्राहकच आहे असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. मात्र दहा गाड्या चालक ठेवून भाड्याने फिरवणाऱ्याला हा आधार मिळणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट, गाडी जबरदस्तीने उचलून आणू नये. १८७२ च्या करार कायद्यानुसार केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा कारागिराला हक्क असतो. गाडीची निकड असेल आणि बिल मान्य नसेल, तर बिलावरच "काम व रक्कम मान्य नाही, तक्रार राखून पैसे देत आहे" असे लिहून सही करावी, पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत आणि गाडी सोडवावी. मुकाट्याने "समाधानकारक काम झाले" अशा कागदावर सही केली तर तोच कागद पुढे आपल्यावर उलटतो.

आता थोडे मिस्त्रीच्या बाजूने. प्रत्येक वेळी त्याचीच चूक असते असे नाही. आपणच "स्वस्तातला पार्ट टाका, हंगाम निघू द्या" म्हटलेले असते. कधी पार्टच सदोष निघतो, कधी इंजिनच आयुष्य संपल्याने थकलेले असते. नवे रिंग-पिस्टन टाकल्यावर काही दिवस गाडी हळू, कमी ओझ्याने चालवा असे सांगूनही आपण दुसऱ्याच दिवशी कांद्याच्या गोण्या भरतो. तेव्हा चोर सोडून संन्याशाला सुळी, असे होऊ देऊ नये. तपासणीत दोष आपला निघाला तर तोही मान्य करावा. चांगला मिस्त्री गावाच्या उपयोगाचा असतो. त्याच्याशी संबंध तुटणे दोघांच्याही तोट्याचे.

पण मुळात हे सगळे टाळावे कसे? गाडी लावतानाच पुढील गोष्टी कराव्यात.

१. काय बिघाड आहे, काय काम करायचे, पार्ट आणि मजुरीचा अंदाज किती, हे लिहून घ्यावे. कोऱ्या जॉबकार्डवर सही करू नये.

२. ठरल्यापेक्षा जास्त काम निघाले तर आधी फोन करून विचारावे, असे त्यावर लिहावे.

३. बदललेले जुने पार्ट परत मागावेत. पार्ट आपण आणला असेल तर दुकानाची पावती वेगळी ठेवावी.

४. हेड फेसिंग, बोअर, पंप-नोझल यांसारखे बाहेरच्या वर्कशॉपमध्ये झालेले काम असेल तर त्याची पावती मागावी.

५. कामाची हमी किती महिने किंवा किती किलोमीटर, हे बिलावर लिहून घ्यावे. गॅरेज लहान असले, छापील बिल नसले, तरी वहीच्या कागदावर तारीख, गाडीचा नंबर, रक्कम आणि सही एवढे पुरते.

६. इंजिन का तापले, याचे कारण विचारावे. रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय नुसते गॅस्केट बदलले तर ते पुन्हा जाण्याचीच शक्यता जास्त.

आणि घरातल्या भगिनींना एक विनंती. सात-बारा, बँकेचे पासबुक, खताच्या पावत्या आपण ज्या पिशवीत जपून ठेवता, त्यातच गाडीच्या कागदांसाठी एक कप्पा करा. पुरुष माणसे बिल खिशात घालतात आणि सदरा धुण्यात जातो, हा अनुभव घरोघरीचा आहे. या हंगामात गाडी गॅरेजला लावायची वेळ आली, तर किल्ली देण्याआधी कागद मागा. मंडईत काट्याकडे वाकून पाहताना आपल्याला संकोच वाटत नाही. गॅरेजातही वाटू देऊ नका.